सत्तावन्नावा प्रश्न

आप्पा गेल्याची तार सुलेखाला गुरुवारी मिळाली, आणि आप्पांचे पत्र त्यानंतरच्या मंगळवारी आले. निळा हवाई पत्राचा कागद, घड्या नखाने दाबून काढलेल्या. सांगलीचा शिक्का तारेच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा होता. घरमालकीण फ्राउ हेबर्ले यांनी ते जिन्यातल्या खिडकीच्या कठड्यावर ठेवले होते. सुलेखाने कोट न काढता तिथेच उभे राहून ते वाचले. थंडीत कान झाकत जा, कुळथाचे पीठ कोणाबरोबर तरी पाठवतो, दात काढला, आता बरे आहे. आणि खाली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आकड्यासह एक प्रश्न.

‘प्रश्न ६३. सत्तावन्नाव्या प्रश्नाचेच पुन्हा. तू पाहिले आहेस, म्हणून शंका नाही. पण सवड झाली तर एकदा परत वाच. मला वाटते, कुठेतरी असायला हवे. एवढी मोठी गोष्ट नाकारताना माणूस काहीतरी बोलतोच. नसेल तर नसेल.’

तिने कागद घडीवर घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि उरलेले दोन मजले चढून वर गेली. तिकडे चुलतभाऊ श्रीरंगने अग्नी देऊन सहा दिवस झाले होते. इकडे प्रश्न नुकताच विचारला गेला होता.

सुलेखाचे वडील आप्पा, म्हणजे दत्तात्रय केळशीकर, सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतले. सरकारने काय करावे आणि काय करू नये, यावर अमेरिकेत दीडशे वर्षे चाललेल्या भांडणाचा इतिहास. मराठीत, साध्या माणसाला कळेल असा. सांगलीत बसून हे कोणाला हवे आहे, असे विचारणाऱ्यांना ते सांगत, “आपल्याकडे सगळं सरकारनं करावं असं म्हणतात. तिकडे सरकारनं काही करू नये असं म्हणत म्हणत किती केलंय ते बघा. रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या, वसाहतवाल्यांना दिल्या, शेतकी कॉलेजांना दिल्या. कोणाला दिलं आणि कोणाला नाही म्हटलं, हा खरा इतिहास.”

पुस्तके मिळत नव्हती, हीच अडचण होती. सुलेखा रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला १९५८ साली जर्मनीत, स्टुटगार्टच्या टेक्निशे होखशूल या तंत्रविद्यापीठात आली आणि शहरात अमेरिका हाउस म्हणून अमेरिकन सरकारचे मोठे वाचनालय आहे असे तिने सहज कळवले, तेव्हापासून प्रश्न सुरू झाले. आप्पा आकडा घालून प्रश्न पाठवत, ती वाचनालयात जाऊन उत्तर शोधून पाठवी. त्यांच्याकडे एक जाड वही होती. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर तिचे उत्तर.

उत्तराखाली शेरा लिहावा लागे. हा आप्पांचा जुना नियम. कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ होता. कोणाकडून कळले असेल तर ‘ऐकले’. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात मिळाले असेल तर ‘वाचले’. मूळ कागद किंवा त्याची अक्षरशः छापील प्रत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तरच ‘पाहिले’. वर्गात कोणी तावातावाने काही सांगू लागला, की आप्पा शांतपणे विचारत, “पाहिलं का ऐकलं?” आणि निम्मा तावाताव तिथेच खाली बसे.

सत्तावन्नाव्या प्रश्नाला सुलेखाने ‘पाहिले’ असा शेरा दिला होता. तिने पाहिले नव्हते.

प्रश्न १८५४ सालाचा होता. अमेरिकेतली एक निवृत्त शिक्षिका तुरुंगांतून आणि निराधारांच्या आश्रयगृहांतून हिंडली होती. तिथे तिला वेडे म्हणून कोंडलेली, साखळीने बांधलेली, विस्तवाशिवाय थंडीत ठेवलेली माणसे दिसली. सरकारने अशा निर्धन वेड्यांसाठी एक कोटी एकर जमीन राखून ठेवावी, म्हणून ती सहा वर्षे राजधानीत खेटे घालत होती. शेवटी दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी तो परत पाठवला. दयाधर्म करण्याचा अधिकार घटनेने केंद्र सरकारला दिलेला नाही, असा मोठा लेखी संदेश त्यांनी सोबत जोडला. त्यानंतर पुढची ऐंशी वर्षे, गरिबाला सरकारने मदत करावी असे कोणी म्हटले, की विरोधक हाच संदेश काढून दाखवत. एवढे आप्पांना ठाऊक होते. त्यांनी विचारले होते, ‘प्रश्न ५७. संपूर्ण संदेश वाच. त्यात राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या मनाविषयी काही लिहिले आहे का, की फक्त घटनेविषयी?’

ते जानेवारीतले दिवस होते. प्रयोगशाळेत तिचे एक मिश्रण चार दिवसांपासून तापत होते आणि दर दोन तासांनी त्याच्याकडे बघावे लागे. संस्थेच्या वाचनालयात विश्वकोश होता, त्यात या प्रकरणावर सात ओळी होत्या. त्यात मनाविषयी काही नव्हते. तिने लिहिले, ‘फक्त घटनेविषयी. मनाचे काही नाही. पूर्ण वाचले.’ आणि पेन उचलायच्या आत सवयीने खाली शेरा दिला.

त्या दिवशी कंटाळा आला होता, असे तिने स्वतःला पुढे अनेकदा सांगितले.

*

फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत ती अमेरिका हाउसकडे फिरकली नाही. कोणी प्रश्न विचारत नव्हते, मग जायचे कशाला? ट्रॅम त्या बाजूने जाई तेव्हा ती दुसरीकडे बघे. हवाई पत्राचे कोरे कागद पोस्टातून आणलेले होते, सात उरले होते. ते टेबलाच्या खणात तसेच राहिले. प्रयोगशाळेत सगळे तिच्याशी चांगले वागत. प्राध्यापकांनी हात हातात घेऊन शोक व्यक्त केला होता, एकदाच, नीट, आणि मग तो विषय संपला होता. मराठी बोलायला तिथेच शिकणारा भास्कर होता, पण तो आठवड्यातून एकदा भेटे. एकदा दूध आणायला गेली असताना तिच्या लक्षात आले, की चार दिवसांत आपल्या तोंडून मराठी शब्द गेलेला नाही. दुकानाबाहेर आल्यावर ती हळूच “दूध” म्हणाली आणि चालू लागली.

सप्टेंबरच्या शेवटी यशवंत दातारांचे जाड पाकीट आले. यशवंत हे आप्पांचे जुने विद्यार्थी. पुण्यात शिक्षक होते आणि आप्पांचे पुस्तक छापून घेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक निघावे अशी त्यांची इच्छा होती. पाकिटात एका प्रकरणाची मुद्रिते होती आणि पत्र होते.

‘सुलेखाताई, बाकी सर्व मी तपासले आहे. हे एकच प्रकरण तुमच्या नजरेखालून जावे असे वाटले, कारण तळटिपेत तुमचे नाव आहे. शेवटचे पान सरांनी सात वेळा लिहिले. मी त्यांचे सारे लेखन वाचले आहे. इतके चांगले पान त्यांनी दुसरे लिहिलेले नाही. काही असेल तर लवकर कळवा, फर्मा यंत्रावर चढायचा आहे.’

ती खुर्चीवर बसली आणि तिने शेवटचे पान काढले.

‘या संदेशात राष्ट्राध्यक्षाने घटनेची कलमे दिली, पूर्वीचे दाखले दिले, पुढचे धोके सांगितले. स्वतःच्या मनाविषयी त्याने एक अक्षर लिहिले नाही. पूर्वी मला हा कोरडेपणा वाटे. आता वाटते, त्याने लिहिले नाही हेच योग्य केले. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने आपले दुःख त्या निर्णयाला जोडू नये. जोडले, की ज्याला निर्णय भोगायचा आहे त्याच्यावरच सांत्वन करण्याची पाळी येते.’

खाली बारीक टाइपात होते, ‘मूळ संदेश स्टुटगार्ट येथे पूर्ण वाचून खात्री केली. पाहिले. — सुलेखा.’

तिने पान उलटे ठेवले.

ती नऊ वर्षांची असताना आप्पांनी आईला रत्नागिरीच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. आईचे नाव मालिनी. त्या सकाळी आई कोणाला केसांना हात लावू देत नव्हती, म्हणून आप्पांनीच तिची वेणी घातली, वाकडी. हिरवे लुगडे नेसवले. सर्व्हिस मोटार कोपऱ्यावर थांबायची. सुलेखाला शेजारी ठेवले होते आणि तिने शेजारच्यांच्या खिडकीतून दोघांची पाठ बघितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा एकटे आले. हिरवे लुगडे वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणले होते, कारण तिथे इस्पितळाचे कपडे देत. त्यांनी चूल पेटवली, भात टाकला आणि म्हणाले, “तिथे सरकारची व्यवस्था चांगली आहे.” त्यानंतर आठ वर्षे ते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जात. परत आले की हेच वाक्य म्हणत. आई तिथेच वारली तेव्हाही ते याहून जास्त काही बोलले नाहीत. लोकांना सांगताना क्षय सांगायचे असे घरात कोणी ठरवले नव्हते, पण दोघेही तेच सांगत.

सत्तावन्नावा प्रश्न आला तेव्हा ‘वेड्यांसाठी’ हा शब्द आप्पांच्या अक्षरात बघून तिने पत्र पालथे घातले होते. हे तिला आता आठवले. आठवले असे म्हणण्यातही अर्थ नव्हता, ते ती विसरलेली नव्हतीच. मिश्रणाकडे दर दोन तासांनी बघावे लागत होते हे खरे. पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीला एक दुपार बघायला सांगता आले असते. पूर्वी दोनदा सांगितले होते.

*

“हे बघा सुलेखाताई,” भास्कर म्हणाला, “मला एक सांगा. महाराष्ट्रात किती लोक त्या पिअर्सचा संदेश काढून बघणार आहेत?”

विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्झात, दोघे बसले होते. भास्कर यंत्र-अभियांत्रिकी शिकत होता, पुण्याचा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि बोलताना मध्येच जर्मन शब्द टाकायची त्याला सवय होती. बशीतल्या उकडलेल्या बटाट्यावर तो घरून आलेली चटणी भुरभुरत होता.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर. कोणी नाही. आणि तुम्ही अजून बघितलं पण नाहीये. कदाचित तुमचं बरोबरच असेल.”

“असेल.”

“मग?”

“मग मी बरोबर खोटं बोलले, एवढंच होईल.”

भास्करने चटणीची पुडी बंद केली. “तुम्ही केळशीकर लोक फार त्रासदायक आहात हं. माझे वडील मला विचारतात, पास झालास का? मी म्हणतो, झालो. संपलं. पाहिले का ऐकले असं काही नाही आमच्याकडे.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखल्यासारखे झाले.

“बरं, समजा नाही निघालं बरोबर,” तो आता गंभीर होऊन म्हणाला. “समजा त्या माणसानं लिहिलंय काहीतरी. मग आप्पांचं ते पान जाईल. यशवंतराव म्हणतात ते सगळ्यात चांगलं पान. तुम्ही काढून टाकणार? ते आता दुसरं लिहायला येणार नाहीत, ताई.”

ते पान वाचल्यापासून तिला हेच डाचत होते. ते पान म्हणजे आप्पांचा स्वतःशी झालेला समेट होता. सात वेळा लिहून, खोडून, त्यांनी तो जमवला होता. आणि त्याच्या खाली टेकू म्हणून तिचा शब्द होता.

“बघून तर येते,” ती म्हणाली.

“आल्झो, मग जा. पण मी काय म्हणतो, नाही सापडलं तर मला सांगा. सापडलं तर…” तो थांबला. “सापडलं तरी सांगा.”

*

शनिवारी सकाळी ती अमेरिका हाउसला गेली. बर्लिनमध्ये भिंत उभी राहून सातेक आठवडे झाले होते आणि वर्तमानपत्रांच्या दालनात बसायला जागा नव्हती. माणसे भिंतीला टेकून उभ्याने वाचत होती. आतल्या इतिहासाच्या दालनात मात्र कोणी नव्हते. इथे पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटातून काढता येई. राष्ट्राध्यक्षांच्या संदेशांचे जाड खंड तिला माहीत होते, खालून दुसरा कप्पा, खिडकीच्या बाजूला. इतर प्रश्नांसाठी तिने ते किती वेळा काढले होते. पाचवा खंड काढून तिने टेबलावर ठेवला, हातमोजे काढले आणि पान शोधले.

फार शोधावे लागले नाही. संदेशाच्या पहिल्याच पानावर, दुसऱ्या परिच्छेदात ते होते. राष्ट्राध्यक्षांनी लिहिले होते, की हे कर्तव्य करताना, ज्या दयाळू हेतूने हा कायदा योजला आहे त्याच्याविषयी माझ्या स्वतःच्या अंतःकरणात असलेल्या खोल सहानुभूतीचा मला प्रतिकार करावा लागला आहे.

घटनेचे पहिले कलम यायच्याही आधी त्या माणसाने हे सांगून टाकले होते.

तिने ते वाक्य तीनदा वाचले. मग तिने उरलेला संदेशही वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, कारण ‘पूर्ण वाचले’ असे तिने लिहिले होते. वेळ लागला. संदेश लांब होता आणि रुक्ष होता, आणि पुढे मन कुठेही नव्हते. सारे कायद्याचे. केंद्राने एकदा दयेचे दार उघडले तर ते बंद कुठे करायचे, राज्यांनी मग करायचे काय, अशा चिंता. त्या रुक्षपणात ते एकच वाक्य सुरुवातीला उभे होते.

आप्पांनी हे वाचले असते तर त्यांनी काय लिहिले असते, हे तिला ठाऊक नव्हते. कदाचित त्या राष्ट्राध्यक्षावर रागावले असते. हात वर करायचे आणि हळहळही दाखवायची, हा दुहेरी व्यवहार झाला, असे म्हणाले असते. किंवा कदाचित, त्याने म्हटले आहे तर मलाही म्हणायला हरकत नाही, असे वाटून त्यांनी सुलेखाला एक वेगळे पत्र लिहिले असते, ज्याला आकडा नसता. ‘कुठेतरी असायला हवे’ असे त्यांनी लिहिले होते. ते शोधत होते. आणि जी एक व्यक्ती ते शोधून देऊ शकत होती तिने विश्वकोश बघून ‘नाही’ सांगितले होते.

तिने वाक्य इंग्रजीत उतरवून घेतले, पान क्रमांक लिहिला आणि खंड जागेवर ठेवला.

*

घरी फ्राउ हेबर्ले जिना पुसत होत्या. घरात राहणाऱ्या सगळ्यांनी, मालकिणीनेही, आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा-पुसायचा, अशी त्या भागात पद्धत होती. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर लाकडी पाटी अडकवली जाई. या आठवड्यात पाटी सुलेखाच्या दारावर होती आणि ती सकाळी तशीच बाहेर पडली होती.

“माफ करा,” ती घाईने म्हणाली. “माझी पाळी होती.”

“तुमचा चेहरा बघा आधी,” फ्राउ हेबर्ले म्हणाल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी फडके बादलीत टाकले. “कॉफी घ्या.”

स्वयंपाकघरात बसल्यावर, कुठे होतात, असे त्यांनी विचारले नाही. सुलेखाने आपणहून सांगितले. वडिलांचे पुस्तक, शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, राष्ट्राध्यक्षांनी वेड्यांची जबाबदारी घ्यायला दिलेला नकार. आणि मग, कॉफीच्या कपाकडे बघत, “मी तुम्हाला माझी आई क्षयाने गेली असं सांगितलं होतं. ते खरं नाही. ती वेड्यांच्या इस्पितळात गेली. सरकारी. माझ्या वडिलांनी ठेवलं होतं.”

फ्राउ हेबर्ले यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “त्या अमेरिकन माणसानं नाही म्हटलं.”

“हो.”

“आमच्या सरकारनं हो म्हटलं होतं.” त्यांनी टेबलावरचा पाव उगाच सरळ केला. “माझी बहीण होती, लीना. तिलाही वडिलांनीच नेऊन ठेवलं होतं. एकोणीसशे बत्तीस साली. चांगली जागा होती, बाग होती. चाळीस साली करड्या बसगाड्या आल्या आणि तिथल्या लोकांना घेऊन गेल्या. मग पत्र आलं, न्यूमोनिया झाला, वारली. अस्थी हव्या असल्यास चौदा दिवसांत कळवा. शिक्का, सही, सगळं नीट. मारून टाकलं होतं, हे मागाहून कळलं.”

“तुमचे वडील?”

“ते काही बोलले नाहीत. जिना पुसत बसायचे. पाळी कोणाचीही असो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आम्हाला वाटायचं, त्यांना काही वाटत नाही. माझ्या आईनं तर त्यांना तसं तोंडावर म्हटलं होतं.”

खाली रस्त्यावरून ट्रॅम घाट चढताना करते तसा लांब आवाज करत गेली. दोघींनी कॉफी संपवली. सुलेखा उठली आणि उरलेला जिना तिने पुसून काढला, वरच्या पायरीपासून दारापर्यंत, कोपरे धरून.

मग वर जाऊन तिने खणातल्या सातांपैकी एक कागद काढला.

‘यशवंतराव, पृष्ठ १४३, ओळ ९. “एक अक्षर लिहिले नाही” हे चूक आहे. मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर खाली देत आहे. आप्पांचे पान काढू नका, त्यातला शब्दही बदलू नका. त्यांना जे कळवले गेले त्यावर त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले. पण तळटीप बदला. प्रश्न ५७ ला मी “पाहिले” असा शेरा दिला तेव्हा मी पाहिले नव्हते. चूक लेखकाची नाही, सुलेखाची आहे, असे स्पष्ट छापा. आता पाहिले आहे.’

पत्र टाकल्यावर पेटीजवळ ती थोडा वेळ उभी राहिली. आत पडल्याचा आवाज आला होता.

*

यशवंतांचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. फर्मा छापून झाला होता. दुरुस्ती आता शेवटी शुद्धिपत्रातच घालता येईल. ‘घालतो,’ त्यांनी लिहिले होते. ‘पण ताई, एक विचारू का? सरांचा तुमच्यावर किती विश्वास होता हे मी पाहिले आहे. ऐकलेले नाही. ते तसेच राहू द्यावे असे नाही का वाटत?’ सुलेखाने एवढेच कळवले, की म्हणूनच छापा.

पुस्तक बोटीच्या टपालाने आले, त्यामुळे एप्रिल उजाडला. सहा प्रती, तागाच्या कापडात शिवलेल्या, कापडावर जांभळ्या शाईत यशवंतांचे अक्षर. सुलेखाने शिवण उसवली. एक प्रत हातात घेतली, नवा कागद आणि खळ यांचा वास आला. तिने पहिले पान उघडले नाही, शेवटचे उघडले. घरात हीच शिस्त होती. नवे मराठी पुस्तक आले, की आधी शुद्धिपत्र काढायचे, पेन्सिलीला टोक करायचे आणि प्रत्येक चूक त्या त्या पानावर जाऊन सुधारायची. मग वाचायला बसायचे. “चुकीचं एकदा वाचलं की डोक्यात बसतं,” आप्पा म्हणत. लहानपणी हे काम तिचेच असे. ती सुधारी आणि ते मागून तपासत.

शुद्धिपत्रात एकोणीस नोंदी होत्या. अठरा ठिकाणी काना, मात्रा, अनुस्वार. बारावी नोंद लांब होती.

‘पृष्ठ १४३, ओळ ९: राष्ट्राध्यक्षाने संदेशाच्या आरंभी स्वतःच्या अंतःकरणातील सहानुभूतीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मूळ वाक्य असे:’ आणि पुढे तिचे भाषांतर, एकही शब्द न बदलता. शेवटी, ‘तळटीप नजरचुकीने राहिली आहे, ती रद्द समजावी.’

सुलेखाचे नाव नव्हते. यशवंतांनी ते वाचवले होते. त्यांच्या चांगुलपणाचा तिला राग आला, आणि मग रागही राहिला नाही. पुण्यातल्या एका खोलीत, दिव्याखाली मुद्रिते धरून, सरांच्या मुलीचे नाव काढून टाकणारा तो माणूस तिला दिसला.

तिने पेन्सिलीला टोक केले. एकेक नोंद घेत ती पानापानाला जाऊन सुधारत गेली. काना दिला, मात्रा काढली. एकशे त्रेचाळीसाव्या पानावर तिने आप्पांच्या ओळीला हात लावला नाही. समासात, बारीक अक्षरात, राष्ट्राध्यक्षांचे वाक्य उतरवले. तळटिपेतला ‘पाहिले’ हा शब्द एका रेघेने खोडला आणि बाजूला लिहिले, ‘नजरचूक नव्हे. मी पाहिले नव्हते. — सुलेखा.’

दुसऱ्या प्रतीतही तेच लिहिले. तिसरीतही. एक भास्करला जायची होती, एक अमेरिका हाउसला, जिथे ती कपाटात लागली असती आणि कोणालाही वाचता आली नसती. दोन ती परत गेली, की सांगलीच्या कॉलेजला देणार होती. एक यशवंतांनाच परत पाठवायची, असे तिने आता ठरवले.

सहावी प्रत तिची होती. त्यात ते सारे लिहून झाल्यावर पानाच्या तळाशी थोडी जागा उरली. तिने ते पान मोठ्याने वाचले, आप्पांच्या ओळी, मग समासातले वाक्य, मग पुन्हा आप्पांच्या ओळी. खोलीत मराठी ऐकून तिचे तिलाच नवल वाटले. मग उरलेल्या जागेत तिने पेन्सिलीने लिहिले,

‘प्रश्न ६३. आहे. पहिल्याच पानावर, दुसरा परिच्छेद. पाहिले.’

पुस्तक मिटून तिने खिडकीशी ठेवले. शनिवार होता आणि या आठवड्यात पुन्हा तिचीच पाळी होती. तिने बादली भरली, बाह्या वर केल्या आणि दारावरची पाटी काढून हाताशी ठेवली, म्हणजे जिना वाळला की खाली फ्राउ हेबर्ले यांच्या दाराला अडकवता येईल.